वर्णनपर व कर्मणी उपवाक्यांची जोडणी: औद्योगिक इंग्रजीतील एक अर्थप्रश्न

१. प्रश्नाचे स्वरूप

कोल्हापूरच्या दक्षिणेस, पुणे-बंगळूर महामार्गाच्या परिसरात वसलेली कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत ही सामान्यतः अर्थशास्त्राच्या किंवा अभियांत्रिकीच्या अभ्यासकांचे क्षेत्र मानली जाते. वस्तुतः भाषेच्या अभ्यासकालाही तेथे पुष्कळ सामग्री मिळण्याजोगी आहे. कर्नाटकाची सीमा तेथून हाकेच्या अंतरावर. त्यामुळे मराठी व कन्नड या दोन्ही भाषा तेथे सहज कानांवर पडतात, आणि उत्तरेकडून आलेल्या कामगारांमुळे हिंदीही. परंतु यंत्राबरोबर येणारी माहितीपुस्तिका, दर्जातपासणीचा तक्ता, कामाची कार्यपद्धती सांगणारा कागद आणि पॅनलवर चिकटवलेली सूचना यांची भाषा बहुधा इंग्रजी असते. इंग्रजीत लिहिलेले वाक्य इंजिनिअर वाचतो, त्याचा अर्थ सुपरवायझर मराठीत सांगतो, आणि त्या अर्थाप्रमाणे हात चालतो तो भट्टीपाशी उभ्या असलेल्या हेल्परचा.

कारखान्यातील सूचना दोन भाषांत असाव्यात ही जाणीव नवी नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या १०८ व्या कलमाने असा दंडक घालून दिला होता की, त्या अधिनियमान्वये लावावयाच्या सूचना इंग्रजीत आणि कारखान्यातील बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत असाव्यात. म्हणजे भाषांतर हा कारखान्याच्या व्यवहाराचाच एक भाग मानला गेला. मात्र भाषांतर म्हटले की लक्ष शब्दांकडे जाते; अमुक यंत्रभागाला मराठीत काय म्हणावे याची चर्चा होते. शब्दांपेक्षा अधिक घोटाळा ज्या ठिकाणी होतो ते स्थान व्याकरणाचे आहे, आणि ते सहसा नजरेस येत नाही. इंग्रजी वाक्यात एखाद्या वस्तूची स्थिती सांगणारे उपवाक्य आणि त्या वस्तूवर घडणारी क्रिया सांगणारे कर्मणी उपवाक्य ही ‘अँड’ या उभयान्वयी अव्ययाने जोडली जातात, तेव्हा निर्माण होणारी संदिग्धता हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

पुढे दिलेली इंग्रजी वाक्ये कोणत्याही विशिष्ट कारखान्यातील फलकांवरून घेतलेली नाहीत. विवेचनाच्या सोयीसाठी ती रचलेली आहेत. परंतु अशा घाटाची वाक्ये औद्योगिक इंग्रजीत नित्याची आहेत, हे त्या भाषेशी परिचय असलेल्या वाचकास सांगावयास नको.

२. ‘बी’ या क्रियापदाची दोन कामे

इंग्रजीतील ‘बी’ हे क्रियापद, म्हणजे ‘इज’, ‘आर’, ‘वॉज’, ‘वेअर’ ही त्याची रूपे, दोन भिन्न कामे करते. ‘द मशीन इज ओल्ड’ या वाक्यात ते उद्देश्य व विधेय-विशेषण यांना जोडते. मराठीत ‘यंत्र जुने आहे’. ‘द मशीन इज ऑइल्ड एव्हरी सॅटर्डे’ या वाक्यात मात्र ते कर्मणी रचनेचे सहायक क्रियापद आहे. मराठीत ‘यंत्राला दर शनिवारी तेल दिले जाते’. पहिले वाक्य वर्णन करते, दुसरे क्रिया सांगते. दोहोंतील ‘इज’ उच्चाराने व लेखनाने एकच.

जर विधेयस्थानी नेहमीच ‘ओल्ड’सारखे निखळ विशेषण किंवा ‘ऑइल्ड एव्हरी सॅटर्डे’सारखे निखळ क्रियापद आले असते, तर काही अडचण नव्हती. अडचण उद्भवते ती इंग्रजीतील कर्मणी धातुसाधितामुळे. ‘क्लोज्ड’, ‘लॉक्ड’, ‘गार्डेड’, ‘आयसोलेटेड’ ही रूपे विशेषणेही आहेत आणि क्रियापदाची रूपेही आहेत. ‘द गेट इज क्लोज्ड’ याचा अर्थ ‘फाटक बंद आहे’ असा होतो, आणि योग्य संदर्भात ‘फाटक बंद केले जाते’ असाही होतो. ऑटो येस्पर्सन यांनी १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द फिलॉसॉफी ऑफ ग्रामर’ या ग्रंथात या भेदाकडे लक्ष वेधले होते: एक कर्मणी ‘असण्याचा’, दुसरा ‘होण्याचा’. पुढे यान स्वार्टविक यांनी १९६६ मध्ये, आणि क्वर्क व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ च्या बृहद् व्याकरणात, असे दाखविले की ही दोन टोके असून त्यांच्यामध्ये अनेक पायऱ्या आहेत. टॉमस वॅसो यांनी १९७७ मध्ये विशेषणरूप कर्मणी व क्रियारूप कर्मणी यांची व्युत्पत्तीच वेगळी मानावी, असा सिद्धान्त मांडला. सिद्धान्ताचा तपशील बाजूला ठेवला, तरी भेद खरा आहे याविषयी दुमत नाही.

ही संदिग्धता सर्वच भाषांत असते असे नव्हे. जर्मन भाषेत स्थितीसाठी ‘झाइन’ आणि क्रियेसाठी ‘वेर्डेन’ अशी दोन वेगळी सहायक क्रियापदे योजावी लागतात. ‘दार बंद आहे’ आणि ‘दार बंद केले जात आहे’ ही वाक्ये जर्मन माणूस सहायकावरूनच ओळखतो. प्राचीन इंग्रजीतही ‘वेर्डेन’चे सगोत्र क्रियापद कर्मणी रचनेत वापरात होते. मध्ययुगीन इंग्रजीच्या काळात ते लोपले, आणि दोन्ही कामांचा भार एकट्या ‘बी’वर येऊन पडला. आजच्या सूचनाफलकावरील घोटाळ्याचे मूळ अशा रीतीने काही शतके मागे जाते.

३. स्थिती की क्रिया? ओळखण्याच्या कसोट्या

धातुसाधित कोणत्या नात्याने आले आहे हे ठरविण्यासाठी व्याकरणकारांनी काही कसोट्या सुचविल्या आहेत. त्या अंतिम निर्णय देतातच असे नाही. परंतु एकत्रितपणे लावल्यास बहुधा निर्णय होतो.

पहिली कसोटी ‘रिमेन’ किंवा ‘सीम’ या क्रियापदांची. ‘द व्हॉल्व्ह रिमेन्स क्लोज्ड’ हे वाक्य शुद्ध आहे आणि त्यातील ‘क्लोज्ड’ हे विशेषणच होय, कारण ‘रिमेन’ कर्मणी रचनेचे सहायक होऊ शकत नाही. दुसरी कसोटी ‘व्हेरी’ या क्रियाविशेषणाची: ‘व्हेरी वॉर्न’ म्हणता येते, ‘व्हेरी रिप्लेस्ड’ म्हणता येत नाही. तिसरी कसोटी ‘बीइंग’ची: ‘द व्हॉल्व्ह इज बीइंग क्लोज्ड’ यात स्थितीचा अर्थ संभवतच नाही, क्रिया चालू आहे एवढाच अर्थ. चौथी कसोटी कर्ता दर्शविणाऱ्या ‘बाय’ची आणि ‘एव्हरी शिफ्ट’सारख्या आवृत्तिवाचक पदांची, ती आली की बहुधा क्रिया अभिप्रेत असते.

पाचवी कसोटी ‘अन’ या नकारदर्शक उपसर्गाची. ‘द बेल्ट इज अनगार्डेड’ यातील पद निश्चितपणे विशेषण आहे, कारण ‘अनगार्ड’ असे क्रियापद रूढ नाही. परंतु ‘द पॅनल इज अनलॉक्ड’ येथे सावध राहावे लागते. ‘अनलॉक’ म्हणजे कुलूप काढणे, हे क्रियापद इंग्रजीत आहे. म्हणून या वाक्याचे ‘पॅनलला कुलूप नाही’ आणि ‘पॅनलचे कुलूप काढले जाते’ असे दोन्ही अर्थ संभवतात.

येथे आणखी एका विषमतेची नोंद केली पाहिजे. इंग्रजीत काही स्थितींसाठी धातुसाधिताहून वेगळे, मूळचे विशेषण आहे, काहींसाठी नाही. ‘ओपन’ हे विशेषण, ‘ओपन्ड’ हे धातुसाधित. ‘ड्राय’ आणि ‘ड्राइड’, ‘क्लीन’ आणि ‘क्लीन्ड’, ‘एम्प्टी’ आणि ‘एम्प्टीड’ या जोड्याही तशाच. परंतु ‘क्लोज्ड’ला अशी जोडी नाही, स्थिती व क्रिया दोन्ही त्याच एका रूपाने सांगावी लागतात. परिणामी ‘द ड्रेन व्हॉल्व्ह इज ओपन अँड द इनलेट व्हॉल्व्ह इज क्लोज्ड बिफोर स्टार्टिंग’ या वाक्यात पहिले उपवाक्य फक्त स्थितीचे आहे, दुसरे मात्र स्थितीचेही आहे व क्रियेचेही. वाचणाऱ्याला दोन व्हॉल्व्हांची दोन विरुद्ध स्थाने सांगितली आहेत असे वाटते. व्याकरणाच्या दृष्टीने दोन्ही पदे एका पातळीवरची नाहीत. मराठीत ‘उघडा’ व ‘बंद’ ही दोन्ही निखळ विशेषणे असल्यामुळे मराठी वाचकास ही विषमता जाणवत नाही, आणि म्हणूनच ती त्याला फसवू शकते.

४. जोडणीचे तीन प्रकार

स्थितीचे उपवाक्य व क्रियेचे उपवाक्य जोडावयाचे झाल्यास इंग्रजीत तीन मार्ग आहेत. ‘द फर्नेस इज हॉट अँड इट इज टेन्डेड बाय ट्रेन्ड वर्कर्स’ यात दोन्ही उपवाक्ये पूर्ण आहेत. ‘द फर्नेस इज हॉट अँड इज टेन्डेड बाय ट्रेन्ड वर्कर्स’ यात उद्देश्य अध्याहृत आहे, सहायक मात्र पुन्हा आला आहे. ‘द फर्नेस इज हॉट अँड टेन्डेड बाय ट्रेन्ड वर्कर्स’ यात उद्देश्य व सहायक दोन्ही अध्याहृत आहेत; एकाच ‘इज’वर दोन विधेये आधारलेली आहेत.

तिसरा प्रकार व्याकरणशुद्ध कसा, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. नोम चॉम्स्की यांनी १९५७ च्या ‘सिंटॅक्टिक स्ट्रक्चर्स’मध्ये ‘अँड’ने जोडता येणे ही दोन पदसमूह एकाच जातीचे असल्याची कसोटी मानली होती. मग विशेषण व कर्मणी क्रियापद ही भिन्न जातीची पदे एकत्र कशी नांदतात? सॅग, गझदर, वॅसो व वाइस्लर यांनी १९८५ मध्ये याचे उत्तर असे दिले की, जोडलेली पदे परस्परांशी सजातीय असलीच पाहिजेत असे नाही. त्यांतील प्रत्येक पद त्या स्थानी स्वतंत्रपणे चालण्याजोगे असले म्हणजे पुरे. ‘बी’नंतर नाम, विशेषण, स्थलवाचक पद व कर्मणी धातुसाधित ही सर्व चालतात, म्हणून ‘बी’नंतर त्यांची सरमिसळही चालते. वाक्य शुद्ध ठरते ते असे. मात्र शुद्धता आणि निःसंदिग्धता या दोन वेगळ्या गोष्टी होत. पहिले विधेय निखळ विशेषण असले की वाचकाचे मन दुसऱ्या विधेयालाही त्याच ओघात विशेषण समजू लागते. लेखकाने क्रिया सांगितली, वाचकाने स्थिती वाचली, असे होण्यास सर्वांत अनुकूल अशी रचना ती हीच.

तिसऱ्या प्रकारास एक कडक अट आहे. अध्याहृत ‘बी’चे रूप प्रकट ‘बी’च्या रूपाहून काळाने वेगळे असता कामा नये. ‘द कास्टिंग इज हेवी अँड पोअर्ड यस्टरडे’ हे वाक्य अशुद्ध होय, कारण ‘यस्टरडे’साठी ‘वॉज’ हवे आणि ‘इज’ त्याची जागा घेऊ शकत नाही. ‘इज हेवी अँड वॉज पोअर्ड यस्टरडे’ असेच लिहिले पाहिजे. मराठीभाषक विद्यार्थ्याच्या हातून ही चूक घडण्यास सबळ कारण आहे. ‘कास्टिंग जड आहे आणि काल ओतले’ हे मराठी वाक्य निर्दोष आहे. ‘ओतले’ या रूपाला स्वतंत्र सहायकाची गरज नाही. मराठीचा हा साचा मनात ठेवून इंग्रजी लिहिले की ‘वॉज’ गळते.

या गळतीचा परिणाम केवळ अशुद्धता एवढाच नसतो. इंग्रजीतील नियमित क्रियापदांचे भूतकाळी रूप व कर्मणी धातुसाधित एकच असते. ‘द सुपरवायझर इज न्यू अँड अपॉइंटेड लास्ट मंथ’ असे वाचले की इंग्रजीचा वाचक क्षणभर कर्माची वाट पाहतो: सुपरवायझरने नेमले, पण कोणाला? ज्याची नेमणूक झाली तोच नेमणारा भासू लागतो. कर्म कर्त्याच्या आसनावर जाऊन बसते. ‘ब्रोक’ व ‘ब्रोकन’, ‘टुक’ व ‘टेकन’ अशी रूपे जेथे भिन्न आहेत तेथे हा धोका नाही.

५. व्याप्तीचा प्रश्न

दोन विधेये एका सहायकाखाली आली की वाक्यातील इतर पदांची व्याप्ती कोठवर, हा प्रश्न उभा राहतो. ‘द गेट इज क्लोज्ड अँड लॉक्ड बाय द वॉचमन’ या वाक्यात ‘बाय द वॉचमन’ हे पद दोन्ही विधेयांस लागते काय? लागत असेल तर फाटक लावणे व कुलूप घालणे ही दोन्ही वॉचमनची कामे. लागत नसेल तर फाटक बंद असते, आणि फक्त कुलूप वॉचमन घालतो. फाटक बंद करण्याची जबाबदारी कोणाची हे वाक्य सांगत नाही.

नकाराच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. ‘द केबल इज नॉट इन्सुलेटेड अँड टेस्टेड’ या वाक्याचे निदान तीन अर्थ लावता येतात: केबलला आवरण नाही व तिची चाचणीही झालेली नाही, आवरण व चाचणी या दोहोंपैकी एक तरी राहिलेले आहे, आवरण नाही, परंतु चाचणी होते. तिसरा अर्थ दुरान्वयाचा असला तरी अशक्य नाही. विजेच्या तारेविषयीच्या वाक्याने वाचकाला तीन पर्याय द्यावेत, ही गोष्ट भाषाशास्त्राच्या वर्गात रंजक असेल. पॅनलसमोर ती तशी राहत नाही.

अटदर्शक उपवाक्यांत ‘अँड’चा आणखी एक घोटाळा होतो. ‘कीप अवे व्हेन द बेल्ट इज लूज अँड बीइंग टाइटन्ड’ यात पट्टा सैल असणे व तो ताणला जात असणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी असतील तरच दूर राहावयाचे, असा तर्कशुद्ध अर्थ होतो. लिहिणाऱ्याचा हेतू बहुधा ‘दोहोंपैकी एक जरी असेल तरी’ असा असणार. तेथे ‘ऑर’ हवे होते.

६. भट्टीपाशी

या सर्व विवेचनाचे व्यावहारिक मोल कळण्यासाठी ओतकामातील एक उदाहरण पुरेसे होईल. कोल्हापूर परिसराची औद्योगिक ओळख ज्या व्यवसायाशी प्रामुख्याने निगडित आहे तो हाच. बिडाचा रस साच्यात ओतताना त्याचे तापमान सुमारे १,४०० अंश सेल्सिअसच्या घरात असते. अशा वितळलेल्या धातूत ओले भंगार पडून त्यातील पाणी रसाखाली अडकले, तर त्याची क्षणार्धात वाफ होते. पाण्याची वाफ होताना तिचे आकारमान साध्या दाबाखाली १,६०० पटींहून अधिक वाढते; रस उसळून बाहेर फेकला जातो. म्हणून भट्टीत टाकावयाचे भंगार कोरडे असणे ही ओतकामातील अगदी प्राथमिक दक्षता होय.

आता हे वाक्य पाहावे: ‘द स्क्रॅप इज ड्राय अँड प्रीहीटेड बिफोर चार्जिंग’. ‘ड्राय’ हे निखळ विशेषण, ‘प्रीहीटेड’ हे संदिग्ध धातुसाधित, आणि दोहोंसाठी एकच ‘इज’. मराठीत याचे निदान तीन अर्थ होतात.

पहिला: ‘हे भंगार कोरडे आहे व आधी तापवलेले आहे.’ हे प्रत्यक्ष स्थितीचे निवेदन झाले. दुसरा: ‘भंगार कोरडे असते व भट्टीत टाकण्यापूर्वी ते तापवले जाते.’ हे रिवाजाचे कथन झाले. तिसरा: ‘भंगार कोरडे असले पाहिजे व टाकण्यापूर्वी ते तापवले पाहिजे.’ ही आज्ञा झाली. इंग्रजी कार्यपद्धतीच्या लेखनात वर्तमानकाळी कर्मणी रचना आज्ञेच्या अर्थाने वापरण्याची प्रथा आहे. ती प्रथा ठाऊक असलेला इंजिनिअर तिसरा अर्थ घेईल. ती ठाऊक नसलेला नवा माणूस पहिला अर्थ घेईल, आणि समोरचे भंगार तपासून झालेले आहे असे समजून ते भट्टीत टाकील. दोघेही वाक्य व्याकरणाला धरूनच वाचतात. म्हणून वाचणाऱ्याला दोष देता येत नाही.

दुरुस्तीच्या कामातही हेच घडते. यंत्राची सफाई करण्यापूर्वी वीज तोडून मेन स्विचला कुलूप घालावे व त्यावर चिठ्ठी लावावी, ही सर्वमान्य दक्षता आहे. ‘द सप्लाय इज ऑफ अँड लॉक्ड बिफोर क्लीनिंग’ हे वाक्य वीज तोडण्याची आज्ञा आहे, की वीज तोडली गेल्याची ग्वाही? पहिल्या अर्थाने वाचणारा स्विचकडे जाईल. दुसऱ्या अर्थाने वाचणारा यंत्रात हात घालील.

७. मराठीची बाजू

मराठी व्याकरणाने कर्मणी रचनेचा विचार बारकाईने केला आहे. मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली प्रसिद्ध झाले. त्या परंपरेत कर्मणी प्रयोगाचे अनेक पोटप्रकार ओळखले गेले. ‘जा’ या सहायकाने होणारा ‘केले जाते’ हा नवीन कर्मणी, काही व्याकरणकारांच्या मते कर्मकर्तरी. ‘करून झाले’ हा समापन कर्मणी. ‘करवते’ हा शक्य कर्मणी. प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते असे की, इंग्रजीतील एका ‘इज क्लोज्ड’साठी मराठीला निवड करावीच लागते.

‘फाटक बंद आहे’ यात केवळ स्थिती. ‘फाटक बंद असते’ यात नित्याची स्थिती. ‘फाटक बंद केलेले आहे’ यात कोणीतरी केलेल्या क्रियेतून उरलेली स्थिती. ‘फाटक बंद केले आहे’ यात नुकतीच पूर्ण झालेली क्रिया. ‘फाटक बंद केले जाते’ किंवा ‘करण्यात येते’ यात नित्य घडणारी क्रिया. ‘आहे’ व ‘असते’ यांतील भेद तर इंग्रजी ‘इज’मध्ये पूर्णपणे लोपलेला आहे. मराठी बोलणारे लहान मूलही ‘दूध गरम आहे’ आणि ‘दूध गरम असते’ यांत गल्लत करीत नाही. प्रौढ भाषांतरकार मात्र इंग्रजी वाक्य समोर येताच सर्वत्र ‘आहे’ लिहून मोकळा होतो.

या समृद्धीचा परिणाम जोडणीवरही होतो. ‘आहे’ व ‘जाते’ ही भिन्न क्रियापदे असल्यामुळे मराठीत स्थिती व क्रिया यांना एका सहायकाखाली आणताच येत नाही. ‘भंगार कोरडे व तापवले जाते’ हे वाक्य कोणीही मराठीभाषक स्वीकारणार नाही. ‘कोरडे असते व तापवले जाते’ असेच म्हणावे लागते. एका सहायकाखाली दोन पदे आणावयाची तर दोन्ही विशेषणरूप करावी लागतात: ‘भंगार कोरडे व तापवलेले आहे’. इंग्रजीत जी संदिग्धता सहज निर्माण होते ती मराठीचे व्याकरण येथे होऊच देत नाही. कन्नडातही ‘बागिलु मुच्चिदे’ ही स्थिती व ‘मुच्चलागुत्तदे’ ही नित्याची क्रिया रूपावरून वेगळी कळते, आणि हिंदीतही ‘बंद है’ व ‘बंद किया जाता है’ यांची सरमिसळ होत नाही. वसाहतीत कानांवर पडणाऱ्या या तिन्ही भाषा जो भेद पाळतात, तो नेमका फलकावरील इंग्रजीत गाळला जातो.

क्रियांचा क्रम सांगण्यासाठी मराठीजवळ ‘ऊन’-प्रत्ययान्त धातुसाधित आहे. ‘फाटक बंद करून कुलूप लावले जाते’ या वाक्यात क्रम निश्चित आहे, आणि दोन्ही क्रिया एकाच कर्त्याच्या आहेत हेही सूचित होते. इंग्रजी ‘अँड’मध्ये या दोन्ही गोष्टी वाचकाच्या अनुमानावर सोडलेल्या असतात.

तथापि मराठीची बाजू सर्वस्वी निर्दोष आहे असे समजू नये. शासकीय व्यवहारात रूढ झालेला ‘करण्यात येते’, ‘करण्यात यावे’ हा घाट कर्त्याला वाक्याबाहेर ठेवतो. ‘वीजपुरवठा खंडित करण्यात यावा’ यात क्रिया स्पष्ट आहे, आज्ञाही स्पष्ट आहे; पण कोणी करावे हे कळत नाही. जे काम सर्वांचे ते कोणाचेच नाही, हा व्यवहारातला अनुभव येथे व्याकरणाच्या रूपाने प्रकट होतो.

८. अध्यापन व भाषांतर यांसाठी निष्कर्ष

वरील विवेचनावरून लेखन, भाषांतर व अध्यापन यांना उपयोगी पडतील अशी काही सूत्रे निघतात.

एक, इंग्रजीत स्थिती व क्रिया जोडताना ‘बी’चे रूप पुन्हा लिहावे. त्याने एक शब्द वाढतो, अर्थ मात्र निश्चितीकडे जातो. काळ बदलत असेल तर ही पुनरुक्ती ऐच्छिक नसून अनिवार्य आहे.

दोन, तीन भिन्न हेतूंसाठी तीन भिन्न रचना वापराव्यात. पूर्ण झालेल्या क्रियेसाठी ‘हॅज बीन ड्राइड’, आज्ञेसाठी ‘मस्ट बी ड्राय’ किंवा थेट आज्ञार्थ, आणि केवळ रिवाजाच्या वर्णनासाठी वर्तमानकाळी कर्मणी. सूचनाफलकावर तिसऱ्या रचनेला फारसे स्थान नाही.

तीन, ‘बाय’चे पद व नकार यांची व्याप्ती संदिग्ध होत असेल तर वाक्य तोडून दोन करावीत. दोन लहान वाक्ये लिहिण्यात भाषेचा कमीपणा नाही.

चार, मराठी भाषांतरकाराने ‘इज’ दिसताच स्वतःला चार प्रश्न विचारावेत: ही आत्ताची स्थिती की नेहमीची? स्थिती की क्रिया? झालेली क्रिया की करावयाची? करणारा कोण? या चार प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून ‘आहे’, ‘असते’, ‘केलेले आहे’, ‘केले जाते’ व ‘केले पाहिजे’ यांतून निवड करता येत नाही. उत्तरे वाक्यात नसतील तर ती लिहिणाऱ्यास विचारली पाहिजेत. अंदाजाने भरलेली जागा भाषांतरात दिसत नाही, आणि म्हणूनच ती अधिक घातक असते. भट्टीच्या वाक्याचे भाषांतर मग असे होईल: ‘भंगार कोरडे असल्याची हेल्परने खात्री करावी. ते तापवून घ्यावे. मगच भट्टीत टाकावे.’ मूळ इंग्रजी एक वाक्य, मराठी तीन. परंतु तीनांपैकी एकाचेही दोन अर्थ होत नाहीत.

पाच, पदव्युत्तर वर्गात कर्मणी प्रयोग शिकविताना कर्तरी वाक्याचे कर्मणीत रूपांतर करण्याचा यांत्रिक सराव पुरेसा नाही. ‘इज’ व धातुसाधित यांनी बनलेले वाक्य देऊन त्याचे जितके अर्थ संभवतात तितकी मराठी वाक्ये लिहावयास सांगणे, हा अधिक फलदायी अभ्यास होय. त्यायोगे विद्यार्थ्याला इंग्रजीची संदिग्धता कळते आणि मराठीच्या ज्या भेदांची सवयीमुळे जाणीव राहत नाही, ते भेदही ध्यानात येतात.

भाषांची तुलना करताना एका भाषेला समर्थ व दुसरीला असमर्थ ठरविण्याचा मोह आवरला पाहिजे. इंग्रजीला स्थिती व क्रिया यांतला भेद सांगता येत नाही असे नाही. ‘बीइंग’, ‘हॅज बीन’, ‘मस्ट बी’ ही साधने तिच्याजवळ आहेतच. फरक इतकाच की, मराठीत हा भेद करणे व्याकरणाने सक्तीचे आहे, इंग्रजीत तो लिहिणाऱ्याच्या दक्षतेवर सोपविलेला आहे. जेथे व्याकरण सक्ती करीत नाही तेथे लिहिणाऱ्याने ती स्वतःवर लादून घ्यावयाची असते. कारण फलकावरचे वाक्य वाचणाऱ्याला त्याचा दुसरा अर्थ विचारण्याची सवड मिळेलच असे नाही.